त्रेचाळीस पिंपं

"सांगून आले सगळ्यांना," म्हातारी तळघराच्या पायऱ्या चढून वर येत म्हणाली. "त्रेचाळीस पिंपं आहेत. एकही राहिलं नाही."

तिने मास्तरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे हात गार होते आणि त्यांना ओल्या लाकडाचा वास येत होता. ही वाइनचंच काहीतरी बोलत असणार, असं बाईंना वाटलं. सकाळपासून या चिमुकल्या गावात जो तो वाइनचंच बोलत होता. गाव मात्र देखणं. दगडी गल्ल्या, निळी दारं, खिडक्याखिडक्यांत फुलांच्या कुंड्या. सगळं कसं धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखं. बाईंनी फोटो काढून काढून फोनची बॅटरी अर्धी संपवली होती.

"काय सांगून आलात, आजी?"

"तुमच्या यजमानांचं," म्हातारी म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले. "झोपेतच गेले हो. त्रास झाला नाही."

बाईंनी मागे वळून पाहिलं. अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाखाली, दगडी बाकावर, मास्तर उताणे पडले होते. टोपी तोंडावर, हात छातीवर, बूट काढून ठेवलेले. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मास्तरांचा डोळा लागला की बाई त्यांच्या नाकाशी बोट धरून बघायच्या. आज गावाच्या नादात विसरल्या होत्या.

त्या धावल्या. टोपी उचलली. "अहो! अहो, उठा!"

"अगं काय हे!" मास्तर खेकसले. "दोन पेले घेऊन जरा आडवा झालो, तर आकाश कोसळल्यासारखी ओरडतेस!"

बाई तिथेच बाकाच्या कडेला टेकल्या, रडल्या आणि रडता रडता नवऱ्याला वाट्टेल ते बोलल्या. मेल्यासारखं झोपायचं काही कारण होतं का, निदान घोरायचं तरी. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत तुम्ही घोरला नाहीत असा हा पहिलाच दिवस, आणि तो नेमका इथे.

म्हातारीच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसला नाही. ती पांढरीफटक पडून मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. "तीन हाका मारल्या मी," ती पुटपुटली. "पायाला हात लावून पाहिला. गार होता."

"दगडावर झोपल्यावर गारच लागणार!" मास्तर म्हणाले.

तेवढ्यात द्राक्षमळ्याचे मालक आले. भला माणूस. सकाळी त्यांनीच दोघांना हाताला धरून तळघर दाखवलं होतं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. या आवारात कुणी गेलं की आधी वाइनला सांगायचं, मग घरच्यांना. एकेका पिंपावर बोटाने टकटक करायचं आणि कोण गेलं त्याचं नाव घ्यायचं. नाही सांगितलं तर वाइन मनाला लावून घेते. आंबते.

"म्हणजे खाली मी मेलोय?" मास्तर खूश झाले. "पेन्शनवाल्यांना कळवू नका म्हणजे मिळवली! आजी, जा बघू पुन्हा खाली. सांगा त्यांना, थेरडा उठून बसलाय."

कुणी हसलं नाही.

"तसं करता येत नाही," मालक म्हणाले. "वाइन एकदाच ऐकते. आणि ऐकलेलं खोटं निघालं, तर तिला सहन होत नाही. सगळी पिंपं नासतात. अख्खं गाव त्या पिंपांवर जगतं हो, बाई."

ते मास्तरांच्या बोलण्याचं उत्तर बाईंना देत होते, हे बाईंच्या लक्षात आलं.

मळ्यातली माणसं एकेक करून अंगणात येऊ लागली. टोपल्या खाली ठेवून, टोप्या हातात घेऊन भिंतीशी ओळीने उभी राहिली. मास्तरांकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बाईंकडे बघत होते, आणि फार मायेने बघत होते. त्यांतल्या एकीने आतून खुर्ची आणली.

"बसा ताई," ती म्हणाली. "अशा एकट्या उभ्या राहू नका."

मास्तर बाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

बाईंना भीती वाटली. "अहो, बूट घाला. निघायचंय आपल्याला."

"बस पाचची आहे. आत्ताशी तीन वाजतायत."

"घाला म्हणते ना!"

मास्तर कुरकुरत वाकले. डॉक्टरांनी वाकताना जपायला सांगितलं होतं, म्हणून एक हात गुडघ्यावर टेकवून त्यांनी सावकाश एक नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाकडे वळले. एवढा वेळ नाडीला लागतो हे बाईंनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी मालकांना विचारलं, "आधी कधी झालंय असं? चुकून सांगितलं गेलंय?"

"एकदा झालं होतं. मी लहान होतो तेव्हा. पिंपं दुरुस्त करणारा सुतार होता आमचा. दुपारचा असाच झोपला होता."

"मग? त्या वर्षीची वाइन नासली?"

"छे हो," मालक हळुवारपणे म्हणाले. "त्या वर्षीची तर फार सुरेख निघाली."