करवंदपाड्याची बाजू

"मी नाही बोलणार त्यांच्या बाजूनं. जीभ झडेल माझी!" संध्यानं माईक नरेंद्रसरांच्या टेबलावर आपटला.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या त्या सभागृहात लोकधोरणाच्या छोट्या अभ्यासवर्गाचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवशी लुटुपुटीची जनसुनावणी भरवायची, ही तिथली रीत. विषय सरांनीच ठरवला होता. वांगणीजवळच्या करवंदपाड्याला कचऱ्याचा डेपो व्हावा की नको? पाडा संध्याचा. आणि डेपो हवाच म्हणणारी गावकरी व्हायचं, तेही संध्यानंच.

"ताई, ज्याच्याशी भांडायचंय त्याच्या तोंडून एकदा बोलून बघा," सर शांतपणे म्हणाले. "त्याची नस सापडते. सोमवारी तुमची खरी सुनावणी आहे ना? तिथे कामाला येईल."

सोमवारसाठीच तर ती अंबरनाथच्या कंपनीत रजा टाकून इथे येत होती. पाड्यात विहीर एकच, आणि डेपोची जागा नेमकी तिच्या वरच्या अंगाला. सासू, सगुणाबाई, पाणी ओढताना अजून गायची,

विहीर माझी आई गं, पोहरा माझा भाऊ,
तिच्या गोड पाण्याला दृष्ट नका लावू.

"तू शिकून ये गो," सासू म्हणाली होती. "आमी नुसत्या बोंबलताव. त्यांना बोंबलनं ऐकाया येत नाय."

"अरे दीदी, टेन्शन कायको?" उल्हासनगरात फर्निचरचं दुकान असलेला मुकेश हसला. "विरोधात मी आहे ना! असला राडा घालतो, बघ."

"घाल बाबा. तुला काय, घरी जाऊन बाटलीतलं पाणी पिशील."

समोर अधिकाऱ्याच्या खुर्चीत सफारी घातलेले एक अनोळखी गृहस्थ बसले होते. "खरं वाटावं म्हणून बाहेरचे पाहुणे बोलावलेत," सर म्हणाले. "नाव, गाव स्पष्ट सांगा, रेकॉर्डिंग चालू आहे. आणि काही झालं तरी भूमिका मोडायची नाही."

मुकेशनं टेबल बडवलं. "हमारी विहीर, हमारा पानी!" सभागृह हसून लोटपोट झालं.

"आपलं गाव?" पाहुण्यांनी विचारलं.

"उल्हासनगर, कॅम्प पाच, साहेब! कधीपण या, सोफा स्वस्तात देतो."

पुन्हा हशा पिकला. पाहुणे हसले नाहीत.

मग संध्या उठली. अंगाची लाही लाही होत होती. डेपोवाल्या कंपनीची गोडबोली माणसं ओसरीवर बसून चहा पिऊन गेली होती. त्यांचा एकेक शब्द तिच्या उरात कुसळासारखा रुतला होता. तेच शब्द तिनं उपसून काढले.

"मी संध्या भोईर, राहणार करवंदपाडा. आमच्या पोरांनी जन्मभर लांब लांब चाकऱ्याच करायच्या का? डेपो आला तर रस्ता येईल, दिवे येतील, दाराशी काम येईल. घरात नळ येईल. विहिरीला कवटाळून बसायचं आणि वर मागास म्हणवून घ्यायचं? बास झालं!"

तोंड बोलत होतं आणि आत ती त्याच तोंडाला शिव्या घालत होती.

"साऱ्या पाड्याचं हेच म्हणणं?" पाहुण्यांनी विचारलं.

तिच्या मुठी आवळल्या. भूमिका मोडायची नव्हती.

"साऱ्या पाड्याचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकेशनं शिट्टी मारली. "दीदी, एक नंबर! मीच डेपोवाला झालो ना!"

संध्या खाली बसली, घटाघटा पाणी प्याली. रागाला आता धार आली होती. त्यांचा प्रत्येक मुद्दा कुठे पोकळ आहे ते तिला लख्ख दिसत होतं. सोमवारी एकेकाला उभा फाडते, ती पुटपुटली.

जेवणाच्या पंगती बसू लागल्या. पाहुणे अजून खुर्चीतच होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, उतरा आता खुर्चीतून. जेवण गार होतंय. साहेब मात्र झकास वठवलात हं!"

"वठवलं काही नाही, ताई. मी जिल्ह्याहून, कलेक्टर कचेरीतून आलोय."

संध्यानं सरांकडे पाहिलं. सर गॅलरीत, पाठ फिरवून फोनवर बोलत होते.

"हरकत आली ती एका उल्हासनगरकराची, ती धरता येत नाही. पाड्यातून तुम्ही एकट्याच बोललात, आणि फार छान बोललात," पाहुणे उठत म्हणाले. "सोमवारी कुणाला उगाच खेप पडायला नको, सांगून ठेवा. सुनावणी झाली."