मिकेसच्या बोटीवरचा कनेक्टर

"सेट जुना झालाय बार्बा, आणि बटन तुम्हीच नीट दाबत नसणार," सोतिरिस मुद्दाम मोठ्यांदा म्हणाला. धक्क्यावर जमलेल्यांना ते ऐकू जायला हवं होतं. बेटावरच्या सगळ्या बोटींचे वायरलेस सेट आणि अँटेना तोच बसवतो. बिघाड दुसऱ्या कुणाच्या तरी माथी गेला तर त्याला हवाच होता.

म्हातारा मिकेस, बेटावरच्या सगळ्यांचा बार्बा म्हणजे काका, आपल्या बोटीत दोर गुंडाळत होता. काल दुपारी भर समुद्रात त्याचं इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने बोट कड्यांकडे ढकलली. तो सेटवरून मदत मागत राहिला, कुणालाच ऐकू गेलं नाही. अंधार पडायच्या बेताला समुद्रातून स्पंज काढणाऱ्या एका बोटीला तो अवचित दिसला, म्हणून आज इथे उभा होता.

सोतिरिसने केबलला मीटर जोडलं आणि माइकचं बटन दाबलं. काटा सरळ पलीकडे जाऊन आपटला. सेटमधून निघालेला जोर अँटेनाला पोचतच नव्हता, तिथूनच माघारी येत होता. म्हणजे सेटही चांगला होता आणि बटनही.

तो केबिनच्या टपावर चढला. अँटेनाच्या बुडाशी असलेली काळी पट्टी सोडवून त्याने आतला कनेक्टर धरला आणि केबल जराशी पिळली. केबल कनेक्टरच्या आत गोल फिरली. ओढली तशी हातात आली. कनेक्टरच्या भोकांवर सोल्डरचा डाख छान चकाकत होता. आतल्या तांब्याच्या जाळीला मात्र तो लागलाच नव्हता.

हा डाख त्याचाच. पानागियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, जत्रेची संध्याकाळ होती, वाऱ्यात सोल्डरगन तापत नव्हती आणि वर देवळापाशी व्हायोलिन सुरू झालं होतं. त्याने अंगात नवा सदरा घातला होता. डाख वरवर चिकटला, तेवढ्यावर भागवून त्याने पट्टी गुंडाळली. मग सेटवरून समोरच्या कॅफेला हाक मारली, तिथून ओ आली. झालं काम! समोरच्या कॅफेपर्यंत तर तुटक्या तारेनेही आवाज गेला असता, हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

"मला ऐकू सगळं येत होतं," खालून मिकेस म्हणाला.

"कालचं?"

"सगळं. कालिओपी हाका मारत होती, मी ओरडून ओ देत होतो. मग तिच्या हातातला माइक तू घेतलास."

तुटक्या जोडातूनही येणारा आवाज ऐकू येतो, फक्त आपला बाहेर जात नाही, हे सोतिरिसच्या आत्ता ध्यानात आलं. कालिओपी म्हणजे मिकेसची बायको. समोरचा कॅफे तीच चालवते आणि तिथला सेटही. काल तिच्यादेखत सोतिरिस माइकवर म्हणाला होता, "बार्बा कुठेतरी आडोशाला बाटली कवटाळून घोरत असणार. सेट मी बसवलाय, बोलले असते तर ऐकू आलं असतं." सगळा कॅफे हसला होता. शोधायला निघालेल्या बोटी त्या हसण्यावर परत धक्क्याला बांधल्या गेल्या.

"काय रे सोतिरिस, सापडलं का?" धक्क्यावरून कुणीतरी विचारलं.

"सापडलं ना," मिकेसनेच उत्तर दिलं. "बटन मीच चुकीचं दाबत होतो. वय झालं, दुसरं काय!"

"मग पुढच्या वेळी एखादं कबुतर न्या बरोबर!"

धक्का हसला. मिकेसही हसला. सोतिरिस टपावर कनेक्टर मुठीत धरून उभा राहिला. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. ते त्याच्याने बोलवलं नाही.

खाली उतरून तो पुटपुटला, "बार्बा, तो डाख..."

"केबल फिरताना दिसली मला. आता नीट कर."

सोतिरिसने केबल कापून नवा कनेक्टर चढवला. अंगाने वारा अडवून, डाख वितळून भोकांतून आत उतरेपर्यंत गन धरून ठेवली. केबल पिळून पाहिली, जोर लावून ओढून पाहिली, मग वरून रबराची पट्टी ताणून गुंडाळली. काम नामी झालं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्या संध्याकाळीही एवढं सहज जमलं असतं.

आता बटन दाबलं तर मीटरचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे माघारी काहीच येत नव्हतं. मिकेसने मीटर काढून ठेवलं आणि माइक पुन्हा त्याच्याच हातात दिला.

"बोल. कालचं नको, दुसरं काहीतरी बोल."

सोतिरिसने बटन दाबलं. अशा वेळी एक, दोन, तीन म्हणायचं असतं. त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बराच वेळ बटन तसंच दाबून धरलं आणि मग सोडलं.

लगेच सेटमधून कालिओपीचा आवाज आला. "श्वाससुद्धा स्पष्ट येतोय. कोण आहे? बोला ना, मी ऐकतेय."