राहिलेले चार बेस

कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या बेसबॉल टीमने स्थापनेनंतर तब्बल अकरा वर्षांनी, २००९ साली, आपला पहिला सामना जिंकला. नाही जिंकला. तुम्ही काही वाचलेलं नाही.

शेवटचा डाव होता, स्कोअर बरोबरीत, एकच रन हवी होती. नागपूरहून शिकायला आलेल्या निमिषने बॉल असा हाणला की तो कुंपणावरून थेट पार्किंग लॉटमधल्या बर्फात जाऊन रुतला. निमिषने बॅट उंचावली, आभाळाकडे पाहिलं आणि रुबाबात येऊन बाकावर बसला.

"ड्यूड, रन! टच द बेसेस!" तिथल्याच मार्कहॅम गावात वाढलेला, टीममधला अनिश किंचाळला.

"सिक्सवर कोणी पळते का बे?"

बेसबॉलमध्ये पळतात. बॉल बाहेर गेला तरी चार कोपऱ्यांतल्या चारही बेसना पाय लावून यावं लागतं, हे त्याला अंपायरने आऊट देताना समजावलं. बरोबरी कायम राहिल्याने जादा डाव झाला, त्यात टीम हरली. टीमच्या छापील इतिहासात त्या वर्षापुढे 'पराभव' एवढंच आहे.

दोन वर्षांनी निमिषने क्रीडा विभागाला अर्ज दिला : 'महोदय, सदर बॉल अद्याप कुंपणाबाहेरच असल्याने, माझे राहिलेले चार बेस येत्या शनिवारी पळून पूर्ण करण्याची परवानगी मिळावी व निकालात दुरुस्ती व्हावी. बर्फ असल्यास फावडं आणून शोव्हल मी करीन.'