गळती थांबली

"गळती आपोआप थांबली बघ! पण स्टिअरिंग मात्र दगडासारखं जड झालंय," म्हातारा मिस्त्रीला म्हणाला.

मिस्त्रीने जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग गिअरबॉक्सचं झाकण उघडून आत बोट घातलं. बोट कोरडं ठणठणीत बाहेर आलं.

"काका, गळायला आत तेल तरी हवं ना! गिअर पार झिजलेत आणि हा माल आता कुठेच मिळत नाही. आजवर तेल कोण घालत होतं?"

"कोण घालणार? तेल अडवणारं सील फुटल्यापासून मी थेंबभर घातलं नाही. तरी लोण्यासारखं वळायचं. जुनं लोखंड आहे बाबा ते!"

ट्रॅक्टर तिथेच सोडून म्हातारा पायी घरी आला. ट्रॅक्टर उभा राहायचा त्या जागी गळतं तेल धरायला बायकोने डबा ठेवला होता. रोज सकाळी ती तो रिकामा करायची. "फेकूनच द्यायचं, तर धरतेस कशाला?" म्हणून तो डाफरायचा. ती डबा उचलून चालू लागायची.

ती वारल्यापासून त्याने त्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आज वाकून पाहिलं. डबा काठोकाठ भरला होता.