क्लेमची जागा

शेरिलने वडिलांची शेवटची ट्रंक गाडीत कोंबली, तरी क्लेमचं काही ठरेना. तिचा म्हातारा, बर्ट, बेकरीसमोरच्या बाकावर निवांत पेस्टी, मटण-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होता. आता त्याला एकटं राहणं झेपत नव्हतं, म्हणून मुक्काम लेकीकडे, मेलबर्नला. शेजारी क्लेम नुसता चुळबुळत होता. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि निरोपाला देण्यासारखी त्याच्याकडे एकच चीज होती. तो गुपचूप सोनं खणायचा ती जागा.

या गावात सोनं सापडलं तर खुशाल मिरवावं. कुठं सापडलं ते मात्र सांगू नये. कोणी खोदून विचारलंच तर उत्तरेचं दक्षिणेला सांगावं. त्याला इथं कोणी खोटेपणा म्हणत नाही, रीतच आहे ती. क्लेमने बायकोलाही थापच मारली होती, आणि ती बिचारी त्या थापेवर विश्वास ठेवूनच गेली. बर्टला तर त्याने आजवर इतके ओढे सांगितले होते, की तेवढे त्या मुलखात नव्हतेही.

पण जाणाऱ्या मित्राला थापेवर वाटेला लावायचं, हे क्लेमच्या मनाला पटेना. खरं सांगावं तर जागा हातची जाणार. बर्टच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्खं गाव जाणून होतं. मेलबर्नहून एक फोन केला की संपलं.

"बाबा, निघायचं ना?" शेरिलने विचारलं.

बर्ट काठी टेकत उठला आणि गाडीत जाऊन बसला. क्लेम मागोमाग गेला. इकडेतिकडे बघून त्याने खिडकीत डोकं घातलं.

"जुन्या खाणीच्या पडक्या इंजिनघरामागची घळ," तो पुटपुटला. "वणव्यात जळालेलं झाड आहे ना, त्याच्या वरच्या अंगाला. इतकी वर्षं तिथंच खणतोय मी. आईशप्पथ खरं सांगतोय, बर्ट."

सांगून त्याला हलकं वाटलं, आणि लगेच पश्चात्तापही झाला.

बर्टने मिशीतला चुरा झटकला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "आता यापुढं खणलेले खड्डे स्वतः बुजवत जा, गाढवा. बारा वर्षं तुझ्यामागं जाऊन मीच बुजवतोय, नाहीतर अख्खं गाव येऊन बसलं असतं तिथं."