मनातलं पाप मोजणारा पट्टा

विमा एजंटने अनसूयाबाईंच्या कपाळाला पट्टा लावला आणि पडद्यावर सोळाचा आकडा उमटला. महिनाभरात सोळा वेळा चोरीचा विचार!

"आला असंल," बाई म्हणाल्या. "लेकीचं लग्न तोंडावर आलंय. पण सव्वीस वर्षं इथं चांदीची पैंजणं घडवतेय, गुंजभर तरी चांदी उचलली का?"

"उचललेलं यंत्राला कळत नाही, मावशी. त्याला मनातलं पाप दिसतं."

कामगारांच्या चोरी-फसवणुकीविरुद्धच्या दोन पॉलिसी कारखान्याचे मालक धनपालशेठ यांच्यापुढे होत्या. महागडीत सगळे कामगार कामावर राहणार होते. स्वस्तातलीत पापी मनाच्या माणसाला घरी बसवायचं होतं. शेठनी फार डोकं चालवलं नाही, मुळात चालवण्याजोगं ते नव्हतंच. त्यांनी स्वस्तातलीवर अंगठा टेकवला.

मग पट्टा शेठच्या मेहुण्याला, अजितला लावला. शून्य! एजंट उठून उभाच राहिला. "असा माणूस लाखात एक!"

बाई निघाल्या. निघताना त्यांनी रिवाजाप्रमाणे कागदावर पदर झटकला, कारण अंगावरची चांदीची धूळही मालकाचीच. अजितने त्या कागदाची पुडी बांधली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या खिशात घातली.

"अरे, ती शेठची हाय!" बाई ओरडल्या.

"दाजींचं ते माझंच की," अजित अगदी मनापासून म्हणाला.

पट्टा अजून अजितच्या कपाळावरच होता. एजंटने पडद्याकडे पाहिलं. शून्यच होतं.

"मावशी, देवमाणसावर आळ घेऊ नका," तो म्हणाला, आणि शेठनी तिजोरीची किल्ली मेहुण्याच्या हातात दिली.