माफीचा भोंगा

जिवनबाईच्या निलमला पाहायला औंढ्याचे पाव्हणे बसले होते, तेवढ्यात बँकेची जीप तांड्यात शिरली. “जिवनबाईनं कर्ज बुडवलंय!” वसुलीवाला भोंग्यावरून ओरडला. पाव्हणे चहा तसाच ठेवून उठले. खरी कर्जदार निघाली वसमतकडची दुसरीच जिवनबाई. आठवड्यानं वसुलीवाला येऊन कानाशी कुजबुजला, “मावशी, चूक झाली. थकबाकीदारांच्या यादीतून तुमचं नाव काढलं.” “चूक भोंग्यावरून केली, अन् माफी कानात काहून?” जिवनबाई लेकीला घेऊन जीपमध्येच चढली. “चल औंढ्याला!” पाव्हण्यांच्या दारात भोंगा वाजला, “चूक आमची! जिवनबाईकडं एक रुपयाही बाकी नाही!” गल्ली गोळा झाली. नवरदेवाचा बाप हात जोडत बाहेर आला. “आत या, विहीणबाई, चहा घ्या. सोयरीक पक्की समजा.” जिवनबाईनं माईक लेकीच्या हाती दिला. “मामा, चहा तसाच ठेवा,” निलम भोंग्यावरून बोलली, “घर आमाला पसंत न्हाई.”